अलंकारिक दोर

कळंबच्या गुल्हाने सरांच्या विहिरीचा दोर सरकारनं जप्त केला, हे आता साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण काहून जप्त केला, असं विचारलं तर जो तो वेगळंच सांगतो. बसस्टँडवरच्या पानठेल्यावर तर असंही म्हणतात, की सरांनी त्या दोरानं एका साहेबाला खुर्चीला बांधून ठेवलं होतं. साफ खोटं! वामनराव गुल्हाने यांनी जन्मात कोणाला बांधलं नाही. बकरीलासुद्धा नाही. दोष दोराचा नव्हता, विहिरीचा नव्हता, आणि सरकारचा म्हणाल तर थोडासाच होता. दोष होता अलंकाराचा.

वामनरावांनी नोकरीभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कोणी भजनात रमतं, कोणी राजकारणात. हे रमले लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढण्यात. शब्दाला एक सरळ अर्थ असतो आणि एक अलंकारिक, आणि ज्याला त्यातला फरक कळत नाही त्याला भाकर आणि भाकरीचं चित्र यातलाही फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारचा मन्सूर, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो, दुपारी घाम पुसत ओट्यावर येऊन बसे आणि सवयीनं म्हणे, "सर, उन्हानं जीव गेला!" सर लगेच चष्म्यावरून पाहत. "गेला? मग हे बोलतंय कोण?"

"तसा नाही गेला, सर."

"मग कसा गेला?"

एवढं झाल्यावर मन्सूरचा जीव खरोखरच जायला येई, आणि तो चहा न पिताच दुकानात परत जाई.

त्यांची एकुलती एक लेक दिपाली पुण्याला नोकरीला होती. तिथं तिला कोणीतरी 'लिटरली' हा शब्द चिकटवून दिला होता. "बाबा, मॅडमनी आज मला लिटरली खाल्लं." "बाबा, मी आनंदानं लिटरली हवेत होते." सर फोनवरच तास घेत. लिटरली म्हणजे अक्षरशः. तू अक्षरशः हवेत असशील तर आधी खाली उतर, मग फोन कर. मागून विमलताई ओरडायच्या, "अवो, पोरगी जेवली का ते तं इचारा!"

या विमलताई म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, आणि सरांच्या मते अतिशयोक्ती अलंकाराचं चालतंबोलतं कोठार. "कंबर मोडली माही." "पाय तुटून राह्यले." "खांदा निखळून राह्यला." दिवसातून केव्हाही यातलं काहीतरी स्वयंपाकघरातून ऐकू येई आणि सर पेपरमधून मान न काढता, उत्तरपत्रिका तपासताना लाल खूण करावी तशा समाधानानं म्हणत, "अतिशयोक्ती!" संसाराची गाडी या रीतीनं बरी चालली होती. निदान सरांना तसं वाटत होतं.

आता नळाचं ऐका. गल्लीत नळयोजनेची पाइपलाइन आली. आली ती मन्सूरच्या घरापर्यंत आली आणि गुल्हाने सरांच्या कुंपणाशी येऊन थांबली. ठेकेदार म्हणे खडक लागला. पुढं खोदायची मशीन येईल तेव्हा येईल. तोवर परसातली विहीर होतीच. पण त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी असं काही खाली गेलं, की दोर पुरेना. विमलताईंनी त्याला जुन्या दोराची जोड दिली, तरी बादली पाण्याला नुसती टेकायची. मग अर्ध्या बादलीसाठी पूर्ण दोर ओढायचा. ओढायचा म्हणजे अर्थात विमलताईंनी. सरांना वेळ कुठला? ते नळासाठी अर्ज लिहीत होते ना!

मराठीत अर्ज गेले. मराठीत स्मरणपत्रं गेली. कचेरीत काडी हलली नाही. ओट्यावर सल्लागार मंडळ बसलं. समोरच्या तानाबाई म्हणाल्या, "चिंतामणीले नवस बोला मास्तर." मन्सूर म्हणाला, "सर, माझी सुना. जिल्ह्याले नवा साहेब आला हाय, पार तिकडं दक्षिणेचा. मराठी अजून शिकून राह्यला. तुमचे अर्ज तं त्याच्यापावतर पोहोचतच नसतील. इंग्रजीत लिहा ना सर! सगळ्या कळंबमंदी तुमच्यासारखं इंग्रजी हाय कोणाचं?"

हे शेवटचं वाक्य मन्सूरनं बोलायला नको होतं. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे अलंकारिक अर्थानं चढलं, वजन तेवढंच राहिलं. त्यांनी कपाटातून जुन्या टिपणांची वही काढली, विमलताईंना "आवाज करू नको" म्हणून सांगितलं आणि लिहायला बसले. पाणी नाही, नळ द्या, एवढंच सांगायचं होतं. पण एवढंच सांगायला इंग्रजी कशाला लागतं? सरांनी पहिल्या परिच्छेदात इतिहास घेतला, दुसऱ्यात भूगोल, आणि शेवटी ते वाक्य टाकलं, ज्यासाठी सगळा खटाटोप होता: 'आय अ‍ॅम अ‍ॅट द एन्ड ऑफ माय रोप.'

शब्दशः घ्याल तर मी माझ्या दोराच्या टोकाशी आलो आहे. इंग्रजीत असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ, माझी सहनशक्ती संपली. पण इथली खुबी अशी, की विहिरीचा दोरही संपलाच होता! एकाच वाक्यात अलंकारही आणि वस्तुस्थितीही! सर स्वतःवर इतके खूश झाले, की त्यांनी ते वाक्य विमलताईंना वाचून दाखवलं. विमलताई परसातून पितळेचा गुंड भरून पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी गुंड खाली टेकवला, उजवा खांदा दाबून धरला आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. नळ येते का त्यानं?"

आता वर्षं कोणती ती लक्षात घ्या. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, बोंडं सडलेली, आणि गावागावांतून शेतकऱ्यांच्या अशा बातम्या यायच्या, की सकाळी पेपर उघडताना हात थांबायचा. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या कोणत्याही कचेरीत 'दोर' हा शब्द कोणी सहज उच्चारत नव्हतं. वामनरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण इंग्रजीत लिहिताना माणूस कळंबमध्ये नसतो.

नव्या साहेबानं तो अर्ज स्वतः वाचला. इतिहास सोडला, भूगोल सोडला आणि शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. लगेच तालुक्याला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत जीप येऊन उभी राहिली. जीपवर पाटी होती: 'धीर पथक'.

जीपमधून पथकप्रमुख राठोड साहेब उतरले. बोलणं इतकं हळुवार, की जणू घरात बाळ झोपलेलं आहे. "गुल्हाने सर आपणच का? बसा, बसा. घाई करू नका."

वामनरावांना वाटलं, नळाचेच लोक. इंग्रजीचा दणका! ते दोन्ही हात पसरून पुढं आले. "या, या साहेब! मी तुमचीच वाट पाहत होतो. म्हटलं, वेळेवर येतात की नाही!"

राठोड साहेबांनी मागच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं लिहून घेतलं.

"सर," राठोड साहेब आणखी हळू आवाजात म्हणाले, "तो दोर कुठं आहे?"

काय हा अधिकारी! अर्ज नीट वाचून आला, आणि आल्या आल्या जागेची पाहणी करायची म्हणतो! सरांना गहिवरून आलं. ते सगळ्या पथकाला परसात घेऊन गेले, विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि वर्गात उभं राहावं तसं सांगू लागले, "हा पाहा. इथवर जातो आणि संपतो. रोज सकाळी मी इथं येतो, खाली वाकून पाहतो आणि विचार करतो, असं आणखी किती दिवस काढायचे?"

राठोड साहेबांनी त्यांचं कोपर घट्ट धरलं. "मागं या, सर. एकेक पाऊल. शाब्बास."

तेवढ्यात विमलताई आल्या. राठोड साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "ताई, घरी कसं चाललंय?" कोणा सरकारी माणसानं असं विचारण्याचा विमलताईंच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. त्या मोकळ्या झाल्या. "काय सांगू साहेब! या विहिरीपायी रोजचं मरण हाय. यायले किती वर्सं सांगतलं, पण कधी मनावर घेतलं नाई. आता घेतलं एकदाचं मनावर, तं तुम्ही आडवे येऊ नका, होऊ द्या काय व्हायचं ते!"

कारकुनानं शब्द न् शब्द उतरवला.

कुंपणावरून तानाबाईंनीही साक्ष दिली. "मास्तर? मास्तर तं कवाचेच गेलेले हायेत, बाप्पा!" आणि मन्सूर धावत आला, त्यानं आपल्या धंद्याच्या भाषेत भर घातली. "साहेब, सरचा फ्यूज उडून गेला हाय. लोड जास्त झाला का असं होते. पण माणूस हिरा हाय, त्यायले वाचवा!"

आता कुठं वामनरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. आधी ते हसले. मग रागावले. मग त्यांनी राठोड साहेबांना आपल्या बैठकीत बसवून लक्षणा, व्यंजना आणि इंग्रजी वाक्प्रचार यावर व्याख्यान दिलं. राठोड साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पथकाच्या प्रशिक्षणात सांगितलंच होतं, की माणसाला बोलू द्यावं.

"म्हणजे तुम्ही म्हणता, दोर अलंकारिक होता," ते शेवटी म्हणाले.

"शंभर टक्के!"

"पण सर, दोर तर खरा निघाला."

एकाच वाक्यात अलंकार आणि वस्तुस्थिती आणण्याचा हा तोटा त्यांनी विचारात घेतलेला नव्हता. त्यांनी दुसरीकडून प्रयत्न केला. "आणि मी शेतकरी नाही हो! मी निवृत्त शिक्षक आहे!"

"सातबाऱ्यावर नाव आहे ना?"

होतं. वडिलांनी ठेवलेला शेताचा तुकडा होता. नानाजी नावाचा एक शहाणा माणूस तो बटाईनं करायचा आणि सर वर्षातून एकदा तिथं हुरडा खायला जायचे. "मग तुम्ही शेतकरीच," राठोड साहेब समजुतीनं म्हणाले. "त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही."

पंचनामा झाला. विहिरीचा दोर जप्त. तो बादलीला बांधलेला होता आणि गाठ विमलताईंच्या हातची, कोणाला सुटेना, म्हणून बादलीही जप्त. परसातली कपडे वाळत घालायची दोरी जप्त. राठोड साहेबांची नजर मग बाजेवरून फिरली, दारावरच्या तोरणावरून फिरली आणि शेवटी सरांच्या पायजम्याच्या नाड्यावर येऊन थांबली. गल्लीतली सगळी माणसं कुंपणाला लोंबकळून पाहत होती. वामनरावांनी दोन्ही हातांनी नाडा धरला आणि अत्यंत शुद्ध मराठीत सांगितलं, की हा नाडा त्यांच्या हयातीत निघणार नाही. हेही लिहून घेण्यात आलं.

जीप गेली आणि घरात पाण्याचा थेंब काढायची सोय उरली नाही.

बरं, नवा दोर आणावा तर तेही होईना. सर बाजारात गेले. ज्या दुकानदाराला त्यांनी नववीत नापास केलं होतं, तो त्यांना पाहून गल्ल्यावरून उठला. "सर, मागाल ते देतो. खिळे न्या, पत्रे न्या. पण दोर नाई देणार." शेजारच्या दुकानातही तेच. सुतळीचा गुंडासुद्धा कोणी देईना. मग विमलताई गेल्या, तर दुकानदार कानाजवळ येऊन म्हणाला, "सरांनीच पाठवलं ना, ताई?" तानाबाईंच्या घरी चांगला मजबूत नायलॉनचा दोर होता. त्यांनी तो पदराखाली लपवला आणि म्हणाल्या, "माहं रगत मागा मास्तर, पण दोर मागू नका!" मन्सूरच्या नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं. तरी तो बिचारा आपल्यातलं थोडं द्यायचा. बाकीचं पाणी विमलताई चौकातल्या हातपंपावरून आणू लागल्या. दोर गेला, पण खेप काही गेली नाही. उलट लांबली.

आणि घरात माणसांची रीघ! सांत्वनाला येणाऱ्याला चहा द्यायचा म्हणजे पुन्हा पाणी. जुने विद्यार्थी केळी घेऊन येत. केळी इतकी साचली, की तानाबाईंच्या बकऱ्यांनी केळी खाणं सोडलं. एक विद्यार्थी, आता स्वतः मास्तर झालेला, सरांचे हात धरून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं. नेव्हर से डाय!"

"मी कुठं म्हणतोय!" सर किंचाळले.

"असंच. असंच चिडत राहा, सर. चिडणं चांगलं असतं म्हणतात."

मन्सूर दुकान लवकर बंद करून ओट्यावर येऊन बसू लागला आणि सर संडासला गेले तरी बाहेरून विचारू लागला, "सर, बरे हाय ना?" पुण्याहून दिपालीचा फोन आला. "बाबा, मला कोणीतरी सांगितलं... मी लिटरली मेले हो भीतीनं!" सरांनी सवयीनं तोंड उघडलं, "लिटरली म्हणजे—" पण विमलताईंनी डाव्या हातानं फोन हिसकावला आणि लेकीला सांगितलं, की तुझ्या बापाला काही झालेलं नाही, फक्त इंग्रजी झालं आहे.

शेवटी सर कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं त्यांची फाइल काढली. फाइल आता चांगली गुबगुबीत झाली होती. "सर, इथं तीनच रकाने आहेत. हताश, अंशतः हताश आणि हताश नाही. तुम्ही सध्या पहिल्यात आहात."

"अहो, मी हताश नाही! मी अलंकारिक होतो!"

कारकुनानं फाइल उलटसुलट करून पाहिली. मनानं तो चांगला होता. "अलंकारिकचा रकाना नाही, सर. तिसऱ्या रकान्यात यायचं असेल तर पथकाच्या डॉक्टरबाई घरी येऊन तपासतील. त्यांनी लिहून दिलं की दोर परत. बादलीसकट."

त्या दिवसापासून वामनरावांनी बोलण्याचा धसकाच घेतला. तोंडातून कोणता शब्द निघेल आणि कोण लिहून घेईल, नेम नाही! 'पोटात कावळे ओरडतात' म्हणायचं त्यांनी सोडलं, 'भूक लागली' एवढंच म्हणू लागले. मन्सूरनं विचारलं, "काय म्हणता सर?" तर म्हणाले, "आत्ता काहीच म्हणत नाही."

डॉक्टरबाई आल्या. डॉ. गझाला, यवतमाळच्या. तरुण, पण नजर शांत. सर खुर्चीत ताठ बसले.

"झोप लागते?"

"लागते."

"मन कसं आहे?"

"जागेवर." मग त्यांना शंका आली. "म्हणजे, मनाला जागा नसते. तेव्हा जागेवर म्हणणं हेही अलंकारिकच झालं. तुम्ही ते लिहू नका. मन आहे, एवढंच लिहा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. "सर, तुम्हाला काही झालेलं नाही."

वामनरावांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. आता दोर येणार, इज्जत येणार, पायजम्याकडे कोणी पाहणार नाही! तेवढ्यात विमलताई चहा घेऊन आल्या. ट्रे डाव्या हातात, तोही तिरपा. एक कप घसरला आणि चहा डॉक्टरबाईंच्या कागदावर सांडला.

"माफ करा वो बाई," विमलताई ओशाळून म्हणाल्या. "खांदा निखळून राह्यला माहा."

"हे लिहू नका हं, डॉक्टर!" वामनराव खुशीत हसले. "ही अतिशयोक्ती आहे. हिची सवय आहे ती."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "ताई, उजवा हात वर करा बरं."

विमलताईंनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. डॉक्टरबाईंनी हळूच आणखी वर नेऊन पाहिला, तर विमलताईंच्या तोंडून नुसता श्वास निघाला. एरवी गल्लीभर ऐकू जाणारी बाई, आता ओरडलीसुद्धा नाही.

"वेणी कोण घालून देतं?"

"तानाबाई."

"केव्हापासून?"

"संक्रांत झाली ना, तवापासून. हात मागं जातच नाई."

वामनरावांनी विमलताईंच्या वेणीकडे पाहिलं. घट्ट, वर ओढून घातलेली, तानाबाईंच्या पद्धतीची वेणी. विमलताई तशी कधीच घालत नसत. रोज दुपारी समोरच्या ओट्यावर या दोघी बसायच्या, तेव्हा सरांना वाटायचं गप्पा चालल्या आहेत. संक्रांतीपासून. पेपरच्या वरून एकदा पाहिलं असतं तर दिसलं असतं.

"सर, ही अतिशयोक्ती नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतला स्नायू फाटत आलाय. यवतमाळला आणा, फोटो काढू. आणि दोर नाही, गुंड नाही, हातपंप नाही. आणखी थोडे दिवस ओढलं असतं, तर हात कामातून गेला असता."

कामातून गेला असता. सर या शब्दांचा अलंकारिक अर्थ शोधू लागले. सापडला नाही. त्यांचे डोळे भरून आले. शरम तर अशी वाटली, की डॉक्टरबाईंसमोर मान वर करवेना. "तू... तू मला सांगितलं का नाही नीट?" एवढंच कसंबसं म्हणाले.

विमलताई पदरानं कागदावरचा चहा टिपत होत्या. रागानं नाही, साधंच बोलल्या. "सांगून तं राह्यली होती रोज. मराठीत सांगत होती ना, म्हणून."

यवतमाळला जाताना बसमध्ये सरांनी पिशवी घेतली, पाण्याची बाटली घेतली, खिडकीची जागा मिळवली आणि पूर्ण रस्ता एकही चूक काढली नाही. कंडक्टर म्हणाला, "सरका मागं, गाडी अक्षरशः रिकामी हाय," आणि दांडीला धरून माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, तरी सरांनी फक्त दोन तिकिटं मागितली. ऑपरेशनची गरज पडली नाही. हात गळ्यातल्या झोळीत बांधून दिला आणि पुढचे कित्येक महिने जपायला सांगितलं.

डॉ. गझालांनी प्रमाणपत्रात दोनच वाक्यं लिहिली, मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत. वामनराव गुल्हाने ठीक आहेत. विमल गुल्हाने यांचा खांदा पाणी ओढून निकामी होत आहे, नळ द्यावा. ना इतिहास, ना भूगोल. साहेबानं त्याच्याखालीही लाल रेघ मारली, आणि जो खडक फुटत नव्हता तो एका सकाळी फुटला. नळ आला! गल्ली जमली, तानाबाईंनी नारळ फोडला, मन्सूरनं चावी फिरवली. आधी सूंऽऽ आवाज आला, मग थोडी माती आली, मग एक गोगलगाय आली. टाकीच कोरडी होती. मन्सूरनं सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "सर, नळ तं लिटरली आला," तो भीत भीत म्हणाला, "पाणी मात्र अलंकारिक हाय." वामनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत मन्सूरचं एक वाक्य बरोबर आलं होतं.

राठोड साहेब स्वतः दोर घेऊन आले. बादलीला थोडा उशीर झाला, कारण कचेरीत गाठ कापून ती वापरात घेतली होती. तेव्हापासून विहिरीवर वामनराव उभे राहतात. पायजमा दुमडलेला, चष्मा घामानं घसरलेला, आणि कप्पीचा असा करकराट, की गल्लीला घड्याळाची गरज पडत नाही. विमलताई ओट्यावर हात झोळीत घालून बसतात आणि सूचना देतात. दोर असा धरा, पाय तसा ठेवा, बादली तिरपी करा, अवो पोहायले नाई पाठवली तिले!

त्या दिवशी ऊन तापलेलं होतं. गुंड अजून अर्धाही भरला नव्हता. सरांनी बादली काठावर ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "मेलो वो, विमल! खांदा निखळला माझा!"

कुंपणापलीकडे तानाबाई थांबल्या. मन्सूरही थांबला. इतक्या वर्षांची परतफेड करायची याहून चांगली संधी कोणाला मिळायची नाही. सरांनाही ते कळलं. ते दोर हातात धरून, मान खाली घालून वाट पाहत राहिले.

विमलताई ओट्यावर थोड्या बाजूला सरकल्या, डाव्या हातानं शेजारची जागा पुसली आणि म्हणाल्या, "या, बसा जरासक. कोणता दुखते, दाखवा."